चाळीस अल्बमची हाय-रेझ खरेदी: कामाच्या नोंदी

माझ्या संग्रहातले चाळीस अल्बम असे आहेत की ते मी आयुष्यभर ऐकणार आहे. सगळे सीडीवरून संगणकावर उतरवलेले, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटची). यांची याहून वरच्या दर्जाची, म्हणजे हाय-रेझ, आवृत्ती डाउनलोड म्हणून विकत मिळते का, कुठे मिळते, आणि जे विकतात ते खरोखर तेच असतं का, हे एकदा नीट लावायचं ठरवलं. स्ट्रीमिंग नको होतं. फाइल स्वतःच्या डिस्कवर हवी, कुलूप न लावलेली. साधनं: लॅपटॉप, यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचं ऐकता येणाऱ्या संकेतात रूपांतर करणारं यंत्र), वायरचा हेडफोन. कुणी हेच काम काढलं तर माझ्या चुका त्याला उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

४ जानेवारी

तक्ता केला. अल्बम, ध्वनिमुद्रणाचं साल, लेबल, माझ्याकडची सीडी कुठल्या वर्षीची छपाई, असे चार रकाने. सालाचा रकाना 'मागाहून भरू' म्हणून निम्म्या ठिकाणी रिकामा ठेवला. ही या कामातली सगळ्यात महाग चूक ठरली.

५ जानेवारी

पहिली खरेदी. १९८०च्या दशकातला, माझा फार लाडका अल्बम. दुकानात तीन पर्याय होते: सीडी दर्जा, २४/९६ (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) आणि २४/१९२. आकडा मोठा तो चांगला असं धरून २४/१९२ घेतला. सीडी दर्जाच्या फाइलच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले. रात्री ऐकला. झांजांचा आवाज मोकळा वाटला, गायिकेचा श्वास जवळून ऐकू आला. खूप आनंद झाला आणि आणखी दोन अल्बम लगेच घेऊन टाकले.

८ जानेवारी

डॅकवर सॅम्पल रेट (तो किलोहर्ट्झचा आकडा) दाखवणारा छोटा दिवा आहे. तो चारही दिवस ४८वरच होता हे आज लक्षात आलं. म्हणजे १९२ची फाइल वाजवत होतो खरी, पण संगणकाची ध्वनिप्रणाली ती वाटेतच ४८ किलोहर्ट्झवर आणून डॅककडे सोपवत होती. विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्यासाठी एकच रेट ठरलेला असतो आणि प्रत्येक फाइल त्याच साच्यातून जाते.

उपाय: फूबार२००० या प्लेअरमध्ये आउटपुट म्हणून वासापी एक्सक्लुझिव्ह (ते मिसळणं टाळून थेट डॅककडे जाणारा मार्ग) निवडलं. आता दिवा फाइलप्रमाणे बदलतो. मॅक वापरणाऱ्यांनी ऑडिओ मिडी सेटअपमध्ये रेट बघावा. तोही आपोआप बदलेल असं धरू नये. आयफोनला ॲपलचा लायटनिंगचा छोटा अडॅप्टर लावला तर तो २४/४८च्या वर जात नाही, आणि साध्या ब्लूटूथवर तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

दुरुस्तीनंतर तोच अल्बम पुन्हा ऐकला. पाच तारखेला जो फरक जाणवला होता तेवढाच आजही जाणवला, जास्त नाही. मग तेव्हा मी नक्की काय ऐकलं होतं? हा प्रश्न डोक्यातून जाईना.

११ जानेवारी

स्पेक नावाचा मोफत प्रोग्रॅम उतरवून त्या अल्बमचा स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी किती वारंवारतेपर्यंत ध्वनी आहे याचं रंगीत चित्र) काढला. फाइल १९२ किलोहर्ट्झची, आणि ध्वनी रेटच्या निम्म्यापर्यंतच मावतो, म्हणजे चित्र ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातं. पण रंग २२च्या आसपास एका सरळ आडव्या रेषेत संपला होता. वरचा सगळा भाग काळा. दहाच्या दहा गाण्यांत रेषा त्याच जागी.

मग सीडीसोबतची पुस्तिका शोधून काढली. तिच्यात लिहिलं आहे की मुद्रण डिजिटल यंत्रावर झालं. त्या काळातली स्टुडिओची डिजिटल यंत्रं बहुतेक १६ बिटची होती. सोनीची पीसीएम-१६१० सारखी यंत्रं ४४.१ किलोहर्ट्झवर चालायची, साउंडस्ट्रीम आणि थ्रीएमची ५० किलोहर्ट्झवर. त्या रेटच्या निम्म्याच्या वरचं काही मूळ मुद्रणातच नव्हतं, तर ते फाइलमध्ये येणार कुठून? १६/४४.१चा मास्टर (अल्बमची अंतिम मूळ प्रत) गणिताने फुगवून १९२ केला होता, एवढंच. अल्बम सुंदर आहे, पण तो माझ्याकडे सीडीवर आधीपासून होता.

दुकानाला पत्र लिहिलं, चित्रं जोडली. दोन दिवसांनी उत्तर आलं: लेबलने हीच फाइल दिली आहे, उतरवलेल्या फाइलचे पैसे परत मिळत नाहीत.

तक्त्यातला सालाचा रकाना आज पूर्ण भरला, साडेतीन तास लागले. शेजारी नवा रकाना: मूळ मुद्रण टेपवर, जुन्या डिजिटलवर, की नव्या डिजिटलवर. चाळिसांपैकी सात अल्बम जुन्या डिजिटलचे निघाले. त्या सातांच्या हाय-रेझ आवृत्त्यांच्या वाटेला जाणार नाही.

१२ जानेवारी

उरलेले दोन अल्बम तपासले. स्पेकवर एक धड दिसला, दुसऱ्याबद्दल शंका आली म्हणून तो ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडला. तिथे तोही २०वर कापलेला दिसला, आणि मग पहिला उघडला तर तोही! पुन्हा फसलो असं वाटून संध्याकाळभर काहीच सुचेना.

१३ जानेवारी

कालचा निकाल चुकीचा होता. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्रामची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झवर बसवलेली होती, त्यामुळे कुठलीही फाइल तिथेच संपलेली दिसते. सेटिंगमध्ये जाऊन ती फाइलच्या रेटच्या निम्म्यावर न्यावी लागते: ९६ची फाइल असेल तर ४८०००. दोन्ही अल्बम चांगले आहेत. माझी संध्याकाळ मात्र गेली.

यावरून कळलं की डोळ्यांनाही नमुना हवा. खरं हाय-रेझ कसं दिसतं हे ठाऊक नसताना मी निकाल देत बसलो होतो. नॉर्वेचं टूएल हे लेबल आपल्या मुद्रणांतले काही तुकडे मोफत ठेवतं, आणि एकच तुकडा वेगवेगळ्या दर्जांत देतं: सीडी दर्जा, २४/९६, २४/१९२, ३५२.८ किलोहर्ट्झचं डीएक्सडी, शिवाय डीएसडी (एक बिटची वेगळी पद्धत). सगळे एकाच मूळ मुद्रणातून काढलेले. हे काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने पैसे खर्च करण्याआधी ते उतरवून घ्यावेत. मी ते आठ दिवस उशिरा केलं.

व्हायोलिनच्या तुकड्यात काय दिसतं ते सांगतो. रंग वर जाताना हळूहळू विरत जातो, एका रेषेत तुटत नाही. सूर चढला की त्याच्या उपस्वरांच्या रेघा ३०-३५ किलोहर्ट्झपर्यंत चढतात आणि सूर थांबला की त्याही थांबतात. वरचा रंग संगीताबरोबर हलला पाहिजे. पियानोत मात्र वर फारसं काही नसतं, तेव्हा पियानोच्या फाइलचा वरचा भाग रिकामा दिसला म्हणून लगेच बनावट म्हणू नये. कापल्यासारखी सरळ कड आहे का, हे बघायचं.

१६ ते १९ जानेवारी

चार संध्याकाळी दुकानं पालथी घातली. माझ्या यादीपुरतं जे दिसलं ते लिहितो.

कोबझ हे मूळ फ्रान्सचं. मोठ्या लेबलांचा माल सगळ्यात जास्त तिथे, आणि स्ट्रीमिंगचं सदस्यत्व न घेताही अल्बम विकत घेता येतो. एचडीट्रॅक्स अमेरिकेचं, २००८पासूनचं, या धंद्यातलं जुनं नाव. कॅनडाचं प्रोस्टुडिओमास्टर्स आणि जर्मनीचं हायरेझऑडिओ यांच्याकडेही बराच तोच माल. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी ब्रिटनचं प्रेस्टो म्युझिक मला सगळ्यात सोयीचं वाटलं, कारण तिथे रचनाकार, वादक, वाद्यवृंद असं शोधता येतं. इंग्लंडचं शांडोस हे लेबल स्वतःच्या फाइली स्वतः विकतं.

बँडकँपचा कारभार वेगळा. कलाकाराला तिथे मूळ फाइल दर्जा न घटवलेलीच चढवावी लागते, आणि विकत घेणारा फ्लॅक, अलॅक, वेव्ह (दर्जा न घटवणारे फाइलचे प्रकार) यांतलं काहीही उतरवू शकतो. पण ती २४ बिट असेलच असं नाही. कलाकाराने जे चढवलं तेच. अल्बमच्या पानावर २४ बिटचा उल्लेख असेल तर ठीक, नसेल तर कलाकाराला निरोप पाठवून विचारावं. मी तिघांना विचारलं, दोघांनी एका दिवसात उत्तर दिलं आणि एकाने तर नवी २४/४८ची फाइल चढवून दिली. असं दुसऱ्या कुठल्याही दुकानात होणार नाही.

वेळ कुठे गेला: एका दुकानात सहा अल्बम टोपलीत टाकले, खातं उघडलं, पत्ता भरला, आणि पैसे भरायच्या पानावर कळलं की माझ्या देशात ते विकतच नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी दुकान विकतं, पण ते अल्बम नाहीत, कारण हक्क देशागणिक वेगळ्या लेबलांकडे असतात. दोन तास पाण्यात. आता आधी एकच स्वस्त गाणं विकत घेऊन बघतो, व्यवहार पूर्ण झाला तरच पुढे जातो. खोटा पत्ता किंवा व्हीपीएन वापरून घेण्याचा सल्ला काही जण देतात. मी ते केलं नाही. अटी मोडल्या म्हणून खातं बंद झालं तर त्यातली खरेदीही जाते.

सगळ्यात उपयोगी गोष्ट या चार दिवसांत अशी सापडली: एकच अल्बम एका दुकानात २४/९६ म्हणून होता आणि दुसऱ्यात २४/४४.१. मी मोठा आकडा सोडून धाकटा घेतला, कारण अल्बम गेल्या काही वर्षांतला आहे आणि आजही पुष्कळ ध्वनिमुद्रणं, मिक्सिंग २४/४४.१ किंवा २४/४८वरच होतात. एका मित्राकडे ९६ची फाइल होती, त्याला तिचा स्पेक्ट्रोग्राम काढून पाठवायला सांगितला. रेषा बरोबर २२वर. धाकटा आकडा हाच मूळ होता आणि स्वस्तही होता.

२१ जानेवारी

बिटचा घोटाळा. २४/४४.१चा एक अल्बम उतरवला आणि माझ्या सीडीच्या फ्लॅकशी आकार ताडला. दोन्ही फाइली जवळपास सारख्याच. २४ बिटची फाइल फ्लॅकमध्ये सहसा बरीच मोठी होते, कारण खालच्या आठ बिटांत बारीक गोंगाट असतो आणि गोंगाट दाबला जात नाही. इथे त्या आठ बिटांत नुसती शून्यं होती, आणि फ्लॅक अशी शून्यं वगळून टाकतं.

खात्री करायला एफएफएमपेग या प्रोग्रॅममधला एस्टॅट्स हा फिल्टर चालवला. तो प्रत्यक्षात किती बिट वापरले आहेत ते दाखवतो. उत्तर १६. म्हणजे सीडीचीच फाइल २४च्या पाकिटात. या वेळी मात्र दुकानाने एका आठवड्यात पैसे परत केले, कारण पुरावा वादातीत होता.

एक सावधगिरी: १६ बिटच्या फाइलचा आवाज जरा जरी कमी-जास्त केला तरी खालचे बिट भरून जातात आणि ही तपासणी काहीच सांगत नाही. '१६' आलं तर फसवणूक नक्की. '२४' आलं तर फक्त शंका मिटलेली नाही एवढंच.

२५ जानेवारी

डीएसडीचा प्रयोग. नेटिव्हडीएसडी या नेदरलँड्समधल्या दुकानातून एक स्ट्रिंग क्वार्टेट डीएसडी६४मध्ये घेतलं. डीएसडी म्हणजे १९९९च्या सुपर ऑडिओ सीडीवर असतं तेच: एक बिट, पण सेकंदाला २८ लाखांवर वेळा. स्टिरिओच्या एका मिनिटाला सुमारे ४२ एमबी.

वाजवलं तर हेडफोनमध्ये नुसती खरखर. दीड तास डॅकच्या मागे लागलो, केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. कारण भलतंच होतं. डॅककडे डीएसडी पीसीएमच्या (सीडीसारख्या नेहमीच्या फाइलींची पद्धत) वेष्टनात जात होतं, त्याला डीओपी म्हणतात, आणि त्या वेष्टनातला एकही बिट बदलून चालत नाही. माझ्या प्लेअरमध्ये रीप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) चालू होतं. ते आवाज दोन डेसिबलने खाली आणत होतं आणि वेष्टन फाडत होतं. रीप्लेगेन बंद, प्लेअरचा व्हॉल्यूम पूर्ण, इक्वलायझर बंद, आणि संगीत आलं. मुद्रण अप्रतिम आहे. चेलोचा गज तारेला पकडतो तो क्षण कळतो.

२८ जानेवारी

डीएसडीवरून दुसरी चूक. एक जुना टेपवरचा अल्बम २४/८८.२मध्ये घेतला होता. स्पेक्ट्रोग्राममध्ये २५ किलोहर्ट्झच्या वर सर्वत्र जांभळं धुकं. 'वर भरपूर माहिती आहे' असं समजून तक्त्यात त्याला उत्तम शेरा दिला होता. आज नमुन्यांशी पुन्हा ताडून पाहिलं. धुकं गाण्याबरोबर हलत नाही. गाणी संपल्यावरच्या शांततेतही ते तेवढंच आहे. तो डीएसडीचा स्वतःचा गोंगाट आहे: एक बिटच्या पद्धतीत गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून ढकलून वर साठवतात. म्हणजे ही फाइल सुपर ऑडिओ सीडीसाठी केलेल्या मास्टरवरून पीसीएममध्ये आणली आहे. ८८.२ हा आकडाही तेच सुचवत होता, कारण डीएसडीचा रेट ४४.१च्या पटीत असतो.

फाइल वाईट नाही, फसवणूकही नाही. पण शेरा बदलला: 'चांगला, डीएसडीवरून'. आणि आता डीएसडी घ्यायचं तर मूळ मुद्रण डीएसडीतच झालेलं असेल तरच घेणार. नेटिव्हडीएसडी आपल्या पानावर मूळ मुद्रण कशात झालं ते लिहितं. सगळ्या दुकानांनी लिहायला हवं.

१ फेब्रुवारी

आजची नोंद लांब आहे, कारण या कामाचं वळण इथे आलं.

१९७०च्या दशकातला, टेपवरचा अल्बम. नवी २४/९६ रीमास्टर आवृत्ती (जुन्या मुद्रणावरून नव्याने केलेला मास्टर) घेतली. स्पेक्ट्रोग्राम निर्दोष, बिट २४, सगळं खरं. ऐकला आणि पहिल्या मिनिटात वाटलं की अरे, किती जिवंत! वीस मिनिटांत मात्र कान थकले. जुनी सीडी लावली, ती आधी मलूल वाटली. पण तिचा आवाज दोन खुणा वर केला आणि ढोल पुन्हा ढोलासारखा वाजू लागला.

मग मोजलं. फूबारमध्ये डायनॅमिक रेंज (सरासरी आवाज आणि शिखरं यांतलं अंतर) मोजणारा मीटर जोडता येतो. जुन्या सीडीचा आकडा १३ आला, नव्या हाय-रेझ फाइलचा ७. ऑडॅसिटीत लहर मोठी करून पाहिली तर नव्या फाइलीत सुरीने कापावी तशी शिखरं सपाट. सरासरी आवाज साडेपाच डेसिबलने चढवलेला. २४ बिटची सगळी जागा मोकळी असताना सगळं वरच्या कडेला नेऊन दाबलं आहे. आणि मोठा आवाज कानाला नेहमीच आधी चांगला वाटतो, म्हणून दुकानात तीस सेकंदांचा नमुना ऐकून मी फसलो.

पाच जानेवारीच्या रात्रीचा प्रश्नही इथे सुटला. त्या दिवशीची फाइल माझ्या सीडीच्या रिपपेक्षा (सीडीवरून उतरवलेल्या फाइलपेक्षा) १.४ डेसिबल मोठी आहे, आज मोजली. गायिकेचा श्वास 'जवळून' आला तो एवढ्यामुळेच.

यापुढे कुठल्याही दोन आवृत्त्या आवाज ०.२ डेसिबलच्या आत जुळवल्याशिवाय ताडणार नाही. आणि खरेदीआधी डायनॅमिक रेंजच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये त्या अल्बमच्या सगळ्या आवृत्त्यांचे आकडे बघणार. एक लक्षात ठेवायचं: तिथले व्हिनाइलचे आकडे फुगलेले दिसतात, ते सीडीच्या आकड्यांशी ताडू नयेत.

४ फेब्रुवारी

दुसऱ्या टोकाचं उदाहरण. एका पियानो अल्बमची २४/९६ फाइल घेतली, मीटरवर दोन्हींचा आकडा सारखा. ती फाइल सॉक्स या प्रोग्रॅमने ४४.१वर आणली, सीडीच्या रिपशी नमुन्यागणिक जुळवली आणि एकातून दुसरी वजा केली. जुळवायलाच तीन तास गेले, कारण सुरुवातीची शांतता दोन्हींत वेगळ्या लांबीची होती. उरलं ते अगदी खोल, शांत फसफस. पियानोचा एक सूरही ऐकू आला नाही. मास्टर तोच, फक्त पाकीट मोठं. खोटं काही नाही, पण मला काहीही नवं मिळालं नाही.

६ फेब्रुवारी

स्वतःची परीक्षा घेतली. फूबारच्या एबीएक्स सोयीत प्रोग्रॅम फाइल लपवून वाजवतो आणि आपण ओळखायची. टूएलचा तुकडा, २४/१९२ विरुद्ध त्याचाच सीडी दर्जा: १६ पैकी ९ बरोबर. अंदाजाने उत्तरं दिली तरी आठ येतात. योगायोग नाही म्हणायला किमान १२ हवेत. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा केलं, १६ पैकी ७.

मग एक तारखेचा अल्बम, जुनी सीडी विरुद्ध नवा रीमास्टर, आवाज जुळवून: १६ पैकी १६. काही फेऱ्या पाच सेकंदांत ओळखल्या.

२०१६ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात जोशुआ रीस यांनी अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. एकूण ५२.३ टक्के उत्तरं बरोबर, म्हणजे फरक अगदी पुसट. माझ्या कानांना तो लागत नाही. आकड्यांमागे धावणं आजपासून थांबलं. तक्त्यातला 'दर्जा' रकाना सर्वांत उजवीकडे नेला आणि 'कुठला मास्टर, कुणी, केव्हा केला' हा पहिला केला.

९ फेब्रुवारी

तांत्रिक अडचणींचा दिवस. २४/१९२ची झिप ५ जीबीची होती, ती पेनड्राइव्हवर जाईना. एफएटी३२मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट केला. दुसरी झिप ब्राउझरने अर्धवट उतरवून 'पूर्ण' म्हणून दाखवली आणि सहावं गाणं मध्येच तुटलं. ते मला तीन आठवड्यांनी कळलं. म्हणून आता प्रत्येक फ्लॅकवर त्याच्याच टेस्ट आज्ञेने तपासणी. फ्लॅकच्या आत मूळ ध्वनीचा एमडी५ (तपासणीचा आकडा) साठवलेला असतो, तो जुळला की फाइल शाबूत. वेव्हमध्ये अशी सोय नाही, टॅगही नीट टिकत नाहीत, म्हणून दुकान वेव्ह देत असलं तरी फ्लॅकच घ्यावं. ध्वनीत फरक पडत नाही.

आणि लगेच दोन प्रती. दुकानात 'पुन्हा उतरवा' हे बटण आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हक्क संपले की अल्बम यादीतून जातो. गायक नील यंग यांचं पोनो हे हाय-रेझ दुकान २०१७मध्ये बंद झालं.

१२ फेब्रुवारी

एका फ्लॅकच्या टॅगांत एमक्यूए-एन्कोडर असं नाव सापडलं. २४/४४.१ची ही फाइल एमक्यूए या खास पद्धतीने बांधलेली होती, दुकानाच्या पानावर उल्लेख नव्हता. खालचे बिट त्या पद्धतीने वापरलेले असतात आणि पूर्ण उलगडायला खास डिकोडर लागतो. ती कंपनी २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली, मग लेनब्रुक या कंपनीने ती घेतली. टायडल या स्ट्रीमिंग सेवेनेही २०२४मध्ये एमक्यूए सोडून फ्लॅक धरलं. मला साधं फ्लॅक हवं होतं. बदलून मिळालं.

१५ फेब्रुवारी

मोफत आणि कायदेशीर: इंटरनेट आर्काइव्हचा लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह. मैफली मुद्रित करून वाटायला ज्या बँडची परवानगी आहे त्यांच्याच मैफली, आणि कित्येक २४ बिट फ्लॅकमध्ये. प्रत्येक मुद्रणासोबत कुठला माइक, कुठे उभा केला, कुठल्या यंत्रावर घेतलं, पुढे काय प्रक्रिया केली, हे मुद्रण करणाऱ्याने लिहिलेलं असतं. पैसे घेणाऱ्या एकाही दुकानाने मला एवढी माहिती दिली नाही. यादीबाहेरच्या चार मैफली उतरवल्या आणि रविवार त्यात गेला. तो वाया गेला असं मी लिहिणार नाही.

१९ फेब्रुवारी

हिशेब. चाळिसांपैकी १९ घेतले. त्यांतले तीन निरुपयोगी ठरले: फुगवलेला १९२, दाबलेला रीमास्टर, आणि सीडीशी तंतोतंत जुळणारा पियानो. या तिघांनी एकूण खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा खाल्ला. १२ अल्बमची जुनी सीडीच ठेवायची, त्यात जुन्या डिजिटलचे सहा आणि डायनॅमिक रेंज जास्त असलेले सहा. सहा माझ्या देशात विकत मिळत नाहीत. तिघांचा निर्णय बाकी. वेळ साधारण साठ तास, त्यातला अर्धा चुका निस्तरण्यात.

आता खरेदीआधीचा क्रम असा बसला आहे: मुद्रणाचं साल आणि यंत्र, मग या आवृत्तीचा मास्टर कुणी केला, मग डायनॅमिक रेंजचे आकडे, मग दोन-तीन दुकानांत सॅम्पल रेट सारखाच आहे का, आणि शेवटी एकच गाणं विकत घेऊन स्पेक्ट्रोग्राम आणि बिट. एका अल्बमला वीस मिनिटं लागतात. यापूर्वी मी हाच वेळ पैसे दिल्यानंतर घालवत होतो.

२०१४मध्ये अमेरिकेतल्या उद्योगसंस्थांनी आणि लेबलांनी मिळून हाय-रेझची व्याख्या केली होती, तिच्यात मास्टर कुठून आला याची चार चिन्हं होती: एमक्यू-पी म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, २० बिट किंवा वरचं पीसीएम, एमक्यू-ए म्हणजे ॲनालॉग टेप (वरच्या एमक्यूएशी याचा संबंध नाही), एमक्यू-सी म्हणजे सीडीचा मास्टर, एमक्यू-डी म्हणजे डीएसडी. मी ज्या पानांवरून खरेदी केली त्यांतल्या एकावरही यातलं चिन्ह दिसलं नाही. दिसलं असतं तर माझी पहिली खरेदी झालीच नसती.

२३ फेब्रुवारी

निर्णय बाकी असलेल्या तिघांसाठी लेबलांना थेट पत्रं पाठवली होती. एका लहान जॅझ लेबलच्या निर्मात्याचं उत्तर आलं, सविस्तर: मूळ टेप ॲनालॉग, स्टुडिओतच आहे, एकदाच २४/९६वर उतरवली, लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) लावलेला नाही, १९२ची आवृत्ती त्यांनी कधी केलीच नाही. तीच २४/९६ त्यांच्या स्वतःच्या पानावरून घेतली. एमडी५ जुळला, रंग वर हळूहळू विरतो, मीटरवर १४. टेपची हलकी सळसळ पहिल्या सुराच्या आधी अर्धा सेकंद ऐकू येते, माझ्या सीडीवर ती कापून टाकलेली आहे.

उरलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं की इथेच लिहीन.